कॅम्पसवर मंडप बांधताय? आधी संध्याकाळी 5 ची सावली मोजा

बडोद्यात उन्हाळ्यात मंडपाखाली कोणी बसत नाही, मंडपाच्या शेजारी बसतात. हे मला मी केलेल्या पहिल्याच मंडपाने शिकवलं, कॉलेजचं नाव नको. पातळ स्टीलचं छप्पर, मधोमध बाकडी, उद्घाटनाला फोटो झकास आले, आणि मेमध्ये संध्याकाळी सहज चक्कर मारली तर बाकडी तव्यासारखी तापलेली आणि पोरं सेव उसळ घेऊन पूर्वेकडच्या मातीत रांगेने बसलेली!

कारण साधं आहे. मेमध्ये 5 वाजता इथे सूर्य साधारण 28 अंशांवर असतो, म्हणजे 3 मीटर उंच छपराची सावली साडेपाच मीटर पूर्वेला सरकते. मंडप 6 मीटर रुंद असेल तर छपराखाली सावली उरते जेमतेम अर्धा मीटर. तर पहिलं काम, स्केच काढायच्या आधी जागेवर 1 मीटरची काठी उभी रोवा, दर तासाला सावलीच्या टोकाला चुन्याची खूण करा आणि छप्पर 3 मीटरचं म्हणून त्या सावलीची तिप्पट धरा. मे हातात नसेल तर कॉम्प्युटरवर सन पाथ (सूर्याचा आकाशातला मार्ग) काढा, पण काठी रोवाच, नंतर क्लायंटला पटवायला तीच कामी येते.

मग ओटा (इथे सगळे ओटलोच म्हणतात) पूर्वेला छपराच्या बाहेर काढायचा, 45 सेंमी उंच, पाय वर घेऊन बसता येईल इतका रुंद. दुसरा ओटा दक्षिणेच्या कडेला, छपराच्या अगदी टोकाखाली. मेच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर म्हणून तिथे सावली, आणि डिसेंबरात दुपारी तो 44 अंशांवर उतरतो म्हणून तिथेच 3 मीटर आतपर्यंत कोवळं ऊन, ते पण फुकटात.

पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, त्यामुळे फक्त त्या कोपऱ्यात विटांची जाळी उभी करा, बाकी मोकळं. चारी बाजू बंद केल्या की तो मंडप राहत नाही, स्टोअररूम होते आणि सहा महिन्यांत तिथे मोडक्या खुर्च्या येतात.

छपरावर पांढरा चायना मोझेक (चकचकीत टाइलचे तुकडे) लावा, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेत आपल्या ‘संगत’ या ऑफिसच्या कमानी छपरांवर लावलाय तसा, ऊन परत फेकतो. नुसता पत्रा नको, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि वर वानरांनी उडी मारली की लेक्चर संपलंच. खालून घुमटासारखा गोल आकार करायचा मोह होतो, कारण इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट रोज डोळ्यासमोर. पण खोलगट छत आवाज एका जागी गोळा करतं, बाकीच्यांना नुसता घुमारा. त्या बिल्डिंगीतून घ्यायचंच असेल तर खालचे कमानींचे व्हरांडे घ्या, ती बांधणाऱ्या आर्किटेक्ट चिझमसाहेबाला 1880च्या दशकात उन्हाची अक्कल आपल्यापेक्षा जास्त होती.

पाण्याचा हिशोब कोणी करत नाही. 54 चौरस मीटर छपरावर तासात 50 मिमी पडला तर 2700 लिटर पाणी, ते कुठे जाणार? 2019 च्या 31 जुलैला तर एका दिवसात वीसेक इंच पडला होता. दोन मोठे पन्हाळे काढा, खाली खडीचा खड्डा, आणि ते ओट्याच्या डोक्यावर येणार नाहीत एवढं बघा (आमचा एक आला होता). जमीन काळी असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिथे उथळ पाया नकोच, अंडररीम पाइल (खाली फुगीर असलेले खोल खांब) घ्या आणि फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरा. इंजिनियर खर्च सांगेल, ऐकून घ्या.

ओटे सगळ्यात शेवटी बांधा. छप्पर झालं की आधी वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या नुसत्या टाकून द्या, आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन त्या कुठे सरकल्यात ते खडूने मार्क करा, आणि मगच गवंड्याला बोलवा.