रोजचं बायबल वाचन: थोडंच, पण थांबून

वर्षभरात अख्खं बायबल संपवायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात अडते. त्यापेक्षा स्तोत्र 103 घ्या. 22च वचनं आहेत. तेराव्यात देव बापासारखी दया करतो, आणि चौदाव्यात त्याचं कारण: आपण माती आहोत हे त्याला ठाऊक आहे. इथे थांबा. आज स्वतःवर कशावरून चिडलात ते आठवा आणि तेच प्रार्थनेत मांडा.

मग बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा तिसरा अध्याय. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे वचन उद्ध्वस्त यरुशलेमेच्या शोकात आलंय. म्हणून आधीची 21 वचनं गाळू नका.

मार्गदर्शन हवं म्हणून डोळे मिटून कुठलंही पान उघडणं मला पटत नाही. पूर्ण उतारा वाचा, कोण कोणाला सांगतंय ते बघा.