हायड्राइडची नळी भरताना उन्हाचा हिशेब आधी करा

जळगाव-धुळ्याच्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी हायड्रोजनची छोटी गाडी करायला घेतली, तर ७०० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) टाकीमागे लागू नये. लँथेनमचा १ आणि निकेलचे ५ अणू असलेल्या मिश्रधातूची पावडर २५ अंशांना २ बारच्या आसपास हायड्रोजन शोषून धरते; हायड्रोजन धरलेल्या अशा धातूला हायड्राइड म्हणतात आणि तो नळीत भरतात. वजन मात्र भारी: १ किलोत जेमतेम १४ ग्रॅम. मोटारीला ५ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे साडेतीनशे किलो धातू झाला! फोर्कलिफ्टला तेच वजन उपयोगी पडतं.

नळी ३१६ एल स्टेनलेसची घ्या. कडक केलेलं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं.

१ लिटरच्या नळीत ४ किलोवर पावडर भरू नका. हायड्रोजन शोषताना धातू सुमारे २५ टक्के फुगतो, तडकतो आणि त्याचा काही मायक्रॉनचा भुगा होतो. डबा आपटला की कळण्याचं पीठ जसं तळाशी बसतं, तसाच गाडीच्या हादऱ्यांनी हा भुगा बसतो. पुढच्या भरणीला तो फुगायला जागा उरत नाही आणि नळीला तिथेच फुगवटा येतो. म्हणून नळी आडवी ठेवा, आत आडपडदे द्या. तोंडाशी अर्ध्या मायक्रॉनचा सिंटर्ड (धातूचे कण तापवून जोडलेला, सच्छिद्र) फिल्टर हवाच, नाहीतर भुगा व्हॉल्व्हमध्ये जातो.

खरी अडचण उष्णतेची. ४ किलो धातू पूर्ण भरताना सुमारे ८४० किलोज्यूल बाहेर पडतात. तेवढ्यात अडीच लिटर पाणी उकळेल. पावडर उष्णता नीट वाहू देत नाही, म्हणून आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि बाहेर पाण्याचं जॅकेट द्या. भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चालणार नाही. ४५ अंशांना समतोल दाब (ज्याच्या वर गेल्यावरच धातू हायड्रोजन शोषतो तो) दुप्पट होतो, ६५ ला चौपटीवर जातो. पुरवठ्याचा दाब तेवढाच असेल तर भरणी थांबते. पहाटे भरा, माठातलं पाणी फिरवा. गाडी चालताना उलट होतं: नळी गार पडते, प्रवाह मंदावतो. तेव्हा फ्युएल सेलचं (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राचं) गरम पाणी जॅकेटमधून न्या.

आग लागून नळी १५० अंशांवर गेली तर दाब ८० बारकडे जातो. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय नळी वापरूच नका.

वापरलेली नळी हवेत उघडू नका. ताजा भुगा हवा लागताच पेट घेऊ शकतो.