ज्युनिअर सिंगल-सीटर मालिका सुरू करायची आहे? मग आधी ही तयारी

कार्टिंगमधून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींतून, वर येणाऱ्या पोरांसाठी भारतात सिंगल-सीटरची, म्हणजे एकाच माणसाच्या रेसिंग गाड्यांची, नवी मालिका उभी करायची असेल, तर तारीख जाहीर करायची घाई करू नका. प्रायोजक मागे लागतील, पोस्टरही छापून तयार असेल, तरी थांबा. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी रस्त्यावरचा ट्रॅक आखून इंडियन रेसिंग लीगची पहिली फेरी ठेवली होती. कामं वेळेत आवरली नाहीत, शहरातल्या गाड्या ट्रॅकवर शिरल्या आणि शर्यती रद्द कराव्या लागल्या. चेन्नईच्या रस्त्यांवरची रात्रीची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती. ती मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे गेली आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस झाली. तेव्हाही पावसामुळे ट्रॅकचं प्रमाणपत्र मिळायला उशीर झाला आणि पहिल्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडलं. मोठ्यांच्या मालिकेत अशा वेळी प्रेक्षक चिडतात, पुढच्या वेळी परत येतात. ज्युनिअर मालिकेत एखाद्या घरानं कर्ज काढलेलं असतं, पोरानं शाळा बुडवलेली असते. त्यांना पुढची वेळ असेलच असं नाही.

तुमची मालिका कोणत्या पायरीवर बसणार, हे सगळ्यात आधी कागदावर लिहून काढा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेनं फॉर्म्युला ४ ही पायरी २०१४ मध्ये आणली, तिथे किमान वय १५. आपल्याकडे ती २०२३ पासून चालू आहे, फ्रान्सच्या मिगाल कंपनीची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि अल्पीनचं टर्बो इंजिन घेऊन. एफ-वनच्या सुपरलायसन्ससाठी, म्हणजे तिथे शर्यतीत उतरायच्या परवान्यासाठी, ४० गुण लागतात, त्यातले १२ फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला मिळतात. हे गुण फक्त एफआयएनं मान्य केलेल्या मालिकेतच मिळतात, त्यामुळे पालकांना मोघम काही सांगू नका. गुण नसतील तर माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तसं छापा. माझं मत विचाराल तर नवी मालिका फॉर्म्युला ४ च्या खालच्या पायरीवर हवी आणि तिचं इंजिन इथल्या गॅरेजमध्ये उघडता यावं असं हवं. १९८८ ला सुरू झालेली फॉर्म्युला मारुती मारुती ८०० च्या इंजिनावर धावत होती. नारायण कार्तिकेयन तिथूनच वर आला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाच्या गाडीतून एफ-वनच्या ग्रिडवर उभा राहिला. स्विफ्टच्या इंजिनावरच्या एलजीबी नावाच्या सिंगल-सीटर गाड्यांनीही कितीतरी पोरांना हात दिला. सुटा भाग कोइम्बतूरच्या दुकानात मिळतो की युरोपातून विमानानं यायचा आहे, यावर एका अपघातानंतर पोराचा हंगाम वाचतो की संपतो हे ठरतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण लवकर उरकतं. एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या नियामक संघटनेची, परवानगी, ट्रॅकचं चालू प्रमाणपत्र, स्पर्धकांचा अपघात विमा आणि प्रेक्षकांसाठी तिसऱ्या पक्षाचा विमा. आपल्या करार कायद्यात अल्पवयीन मुलाची सही चालत नाही, म्हणून आई-वडील दोघांनाही समोर बसवून, धोक्याचा प्रत्येक मुद्दा त्यांच्या भाषेत वाचून दाखवून मगच सह्या घ्या. गाड्या परदेशातून तात्पुरत्या आणणार असाल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून मिळणारा एटीए कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या आयातीचा सीमाशुल्काचा कागद, बघा. मात्र त्यावर आलेली वस्तू परत जावी लागते. टायर, ब्रेक पॅड अशा वापरून संपणाऱ्या मालाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

ट्रॅकच्या बाबतीत आपल्याकडे फार पर्याय नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा छोटा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, जिथे २०११ ते २०१३ एफ-वन धावली. कोल्हापूरनं कार्टिंगमध्ये इतकी पोरं घडवली, पण पुढच्या पायरीसाठी त्यांना राज्याबाहेरच जावं लागतं. पुण्याहून चेन्नई अकराशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणून सरावाचा दिवस शर्यतीच्या शनिवार-रविवारलाच जोडून ठेवा, वेगळी फेरी मारायला लावू नका. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची परीक्षा. उरलेल्या महिन्यांत फेऱ्या बसवा आणि एक शनिवार-रविवार राखीव ठेवा.

आता बचावाची तयारी. माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकतो. एप्रिल २०१७ मध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टन पार्कवर ब्रिटिश फॉर्म्युला ४ च्या शर्यतीत सतरा वर्षांचा बिली मॉन्गर ट्रॅकवर थांबलेल्या गाडीवर आदळला. त्याला गाडीतून बाहेर काढायला जवळपास दीड तास लागला आणि त्यानं दोन्ही पाय गमावले. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय दुचाकी शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला. या दोन घटना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं ठरवा. मुख्य वैद्यकीय अधिकारी महिनोन्‌महिने आधी नेमा आणि शर्यत थांबवायचा अधिकार त्यांना लेखी द्या. अँब्युलन्स दोन हव्यात, कारण एक जखमीला घेऊन गेली की दुसरी जागेवर नसताना गाडी हलता कामा नये. जवळच्या ट्रॉमा रुग्णालयापर्यंत शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत स्वतः गाडी चालवत जा आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. हेलो, म्हणजे डोक्याभोवतीचं संरक्षक कडं, बसवलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढायचा सराव खऱ्या चासीवर, खरं मूल आत बसवून, मान आणि पाठ न हलवता करून घ्या. हायड्रॉलिक कटरनं काय कापायचं आणि काय कापायचं नाही, ते गाडी बनवणाऱ्याकडून लिहून आणा.

मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला चौक्यांवर झेंडे घेऊन उभे असणारे, ही या खेळातली सगळ्यात दुर्लक्षित माणसं. प्रत्येक चौकीवरून पुढची चौकी दिसते का, हे मार्शलच्या उंचीवर उभं राहून तपासा. थांबलेली गाडी दिसल्यापासून धोक्याचा पिवळा झेंडा हलेपर्यंत किती सेकंद जातात, ते मोजा. चेन्नईच्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला सावली, पाणी आणि वेळेवर जेवण मिळालं नाही तर दुपारी तीनच्या शर्यतीत त्याची नजर मंदावणारच. जेवणाचं कंत्राट तुम्हाला किरकोळ वाटेल, पण ते सुरक्षिततेच्या खर्चातच धरा.

पोरांची आसनं हंगामाआधी ओतून घ्या. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन रसायनं मिसळून ती मुलाच्या पाठीमागे ठेवतात. फोम गरम होत फुगतो आणि पाठीच्या आकाराचा होतो. तोपर्यंत मुलानं हेल्मेट आणि हान्स, म्हणजे मानेचं संरक्षक उपकरण, घालून, हात स्टिअरिंगवर, पाय पॅडलवर ठेवून शर्यतीत बसतो तसंच बसायचं. घाईत कुणी जरा वर सरकलं की त्याचं डोकं हेलोच्या रेषेत चुकीच्या उंचीवर येतं आणि तसंच घट्ट होतं. या वयात पोरं महिन्या-महिन्यानं वाढतात, म्हणून हंगामाच्या मध्यावर पुन्हा मापं घ्यायची आणि लागलं तर दुसरं आसन ओतायचं, तेही फीमध्येच. प्रत्येक आसनावर नाव आणि तारीख घाला. पट्टे, हेल्मेट आणि अंगातला सूट यांची एफआयएची लेबलं स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, एकेक करून वाचा. मोठ्या भावाचं जुनं हेल्मेट घेऊन येणारं पोर हमखास असतं, तेव्हा भाड्यानं द्यायला चार चांगली हेल्मेट जवळ असू द्या.

पैशाबद्दल स्पष्ट बोला. सगळ्या गाड्या आयोजकानं स्वतःकडे ठेवाव्यात, मुलांनी एक ठरलेली फी भरून यावं आणि मेकॅनिक, टायर, पेट्रोल सगळं त्यात यावं, हीच पद्धत मला या वयासाठी न्याय्य वाटते. संघांच्या हाती गाड्या दिल्या की ज्याच्या बापाकडे पैसा त्याची गाडी जास्त सराव करते. इंजिनं एकाच डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजून, जवळपास सारखी निघाली की सील करा. गाड्या चिठ्ठ्या टाकून वाटा आणि प्रत्येक फेरीला बदला, म्हणजे हरलेल्याला गाडीवर खापर फोडता येणार नाही आणि जिंकलेल्यावर कुणी संशय घेणार नाही. टायरवर खुणा करा आणि एका फेरीला किती जोड हे ठरवून टाका. सर्वात वेगवान लॅपचा डेटा संध्याकाळी सगळ्या पोरांना उघडा करा. ब्रेक कुठे दाबला, थ्रॉटल कधी उघडला, हे शेजारच्या पोराच्या आलेखात बघून जितकं शिकता येतं, तितकं महागडा प्रशिक्षक लावूनही शिकता येत नाही. अपघाताच्या नुकसानीला कमाल मर्यादा हवी आणि नाकापासून सस्पेन्शनपर्यंत प्रत्येक भागाची किंमत हंगामाआधी जाहीर हवी. शर्यतीनंतर हातात पडणारं अनपेक्षित बिल अनेक घरांना या खेळातून कायमचं बाहेर काढतं.

मुलींसाठी कपडे बदलायची वेगळी खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह पहिल्या फेरीपासून हवं. एकट्या आलेल्या मुलाची रात्रीची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी लिहा. ड्रायव्हरांची बैठक इंग्रजीत घेतली तरी झेंडे आणि दंडाचे नियम मराठी, हिंदी, तमिळमध्ये छापून द्या, कारण पंधरा वर्षांचं पोर सगळ्यांसमोर हात वर करून कळलं नाही असं सहसा म्हणत नाही. स्ट्युअर्डांपैकी, म्हणजे शर्यतीच्या पंचांपैकी, निदान एकाचा कुठल्याही स्पर्धकाच्या घराशी किंवा कार्टिंग अकादमीशी संबंध नसावा.

बक्षिसाचं आत्ताच ठरवा. २०११ च्या शोधमोहिमेत फोर्स इंडिया या एफ-वन संघानं तीन मुलं निवडली, त्यात मुंबईचा जेहान दारूवाला होता. त्याला कार्टिंगसाठी ब्रिटनला जायची वाट मिळाली आणि पुढे २०२० मध्ये त्यानं एफ-वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली. पोराच्या हातात करंडकाबरोबर वरच्या पायरीवरची जागा पडायला हवी. विजेत्याला फॉर्म्युला ४ चा हंगाम किंवा निदान काही दिवसांची चाचणी देणार असाल, तर ती रक्कम पहिल्या फेरीआधी वेगळ्या खात्यात भरा, कोणत्या संघाबरोबर बोलणं झालं ते सांगा आणि मुदतीसकट पत्र काढून प्रत्येक पालकाला एकेक प्रत द्या.