एकट्याने सायकलवर घाट चढताय? या चुका टाळा

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट लगेच अंगावर येत नाही. सुरुवातीला रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून जातो. बाजूला शेतं, कौलारू घरं, सकाळचा गारवा. पाय ताजे असतात आणि सायकल आपोआप पळते आहे असं वाटतं. गटाने गेलं तर अशा वेळी मागून कुणीतरी हमखास ओरडतं, "अगं हळू, पुढे चढ आहे!" एकटीला हे सांगायला कुणी नसतं.

गेली काही वर्षं मी कोकणातून देशावर येणारे घाट एकटीने चढते आहे. आंबेनळी, वरंध, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली. या घाटांत माझ्या हातून झालेल्या आणि वाटेत भेटलेल्या सायकलस्वारांकडून ऐकलेल्या चुका आठवल्या, तर पायांत ताकद नव्हती म्हणून झालेल्या फार थोड्या निघतील. बऱ्याचशा झाल्या त्या वेळीच टोकणारं सोबत कुणी नव्हतं म्हणून. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सरासरी चढावर विसंबून राहणं

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर साधारण ४० किलोमीटर. चढायची उंची जवळजवळ १,३०० मीटर. भागाकार केला तर सरासरी चढ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतो आणि आकडा बघून जीव भांड्यात पडतो. पण या ४० किलोमीटरमध्ये सुरुवातीचा सपाट भाग आहे आणि मध्ये थोडा उतारही आहे. तेवढी उंची उरलेल्या रस्त्याने भरून काढायची असते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ सरासरीच्या दुप्पट आणि काही वळणांवर त्याहूनही जास्त लागतो.

त्यातून वाडा-कुंभरोशीला फसगत होते. प्रतापगडाचा फाटा येतो, हॉटेलं दिसतात, रस्ता सैल होतो आणि घाट संपला असं वाटून माणूस उरलंसुरलं पाणी पिऊन टाकतो. तिथून महाबळेश्वरपर्यंत उंचीचा निम्म्याच्या आसपास भाग अजून बाकी असतो. घरी बसून नकाशावर उंचीचा आलेख काढा आणि चढाचे तुकडे पाडून कागदावर लिहा: कुठून कुठे, किती किलोमीटर, किती मीटर. मी हा कागद हँडलबारला चिकटपट्टीने लावते. घामाने भिजला तरी चालावा म्हणून पेन्सिलीने लिहिते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे 'घाट' म्हणजे गाडीरस्ताच असं नाही. नाणेघाट आहे, मढे घाट आहे. या पायवाटा आहेत, दगडांतून, पायऱ्यांवरून जाणाऱ्या. नकाशात जवळची वाट दिसली आणि नावात घाट असला, तर आधी त्या भागातल्या कुणाला तरी विचारा.

जड गिअर घेऊन जाणं

हा मुद्दा आकड्यांनीच पटतो. बऱ्याच रोड बाइकला सगळ्यात हलका गिअर पुढे, पेडलपाशी, ३४ दातांचा आणि मागे, चाकापाशी, २८ दातांचा असतो. पेडलच्या एका फेरीत चाक साधारण अडीच मीटर पुढे जातं. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ९ किलोमीटर. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. आठ टक्क्यांच्या चढावर हा वेग टिकवायला १८० वॉटच्या आसपास जोर लागतो. नोकरी सांभाळून सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना एवढा जोर तास-दीड तास लावणं झेपत नाही. मग फेऱ्या ४५ वर येतात, सगळा भार गुडघ्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटीच्या पुढच्या बाजूला कळ येते.

आता पुढे २६ आणि मागे ३६ दात बसवून घेतले तर? त्याच ६० फेऱ्यांत वेग साडेपाचवर येतो, पण जोर ११० वॉटच्या आसपास पुरतो. तीन तास चढायचं तर हाच फरक कामाला येतो. दुकानात सायकल दाखवताना "सगळ्यात हलका गिअर कोणता?" एवढंच विचारू नका, दोन्हीकडचे दात मोजून घ्या. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलायची असेल तर तुमच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) किती दातांपर्यंत झेपतं तेही विचारा.

सामानाचंही असंच. एकटं जायचं म्हटलं की "असू दे, लागलं तर?" म्हणत पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या, भरत जातो. एकूण वजनात पाच किलोची भर पडली तर तीन तासांच्या चढाला दहा मिनिटं जास्त लागतात. वेळेचं एकवेळ सोसता येईल. पण सगळं वजन मागच्या चाकावर असेल तर तीव्र वळणावर पुढचं चाक हलकं होऊन डुगडुगतं. थोडं सामान पुढे हँडलबारवर घ्या.

पहिल्या अर्ध्या तासात जोर करणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चढ सुरू झाल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं शरीर तक्रार करत नाही. श्वास वाढलेला असतो, पण त्याचीच मजा वाटते. तासाभराने मात्र मांड्या जड होतात, आणि एकदा जड झाल्या की दहा मिनिटं बसून त्या हलक्या होत नाहीत.

वॉट मोजणारं यंत्र सगळ्यांकडे नसतं. मी पाढे म्हणते. मोठ्याने, तेराचा पाढा. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. "तेरा दुणे" म्हणतानाच श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करायची वेळ झाली. घाटात ऐकायला माकडंच असतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. (माकडांवरून आठवलं: हँडलबारच्या पिशवीतून केळ्याची साल बाहेर डोकावू देऊ नका.)

पहिला अर्धा तास तर आपल्याला झेपतं त्याहून एक गिअर हलकाच ठेवा. कंटाळा येईल इतकं सावकाश जा. मागून कुणी हलक्या सायकलवर पुढे निघून गेलं तर जाऊ द्या, त्याच्यामागे लागू नका.

सावली वाया घालवणं

कोकणातून वर येणारे घाट सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला आहेत. त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या पलीकडे असतो आणि रस्त्याचा बराचसा भाग सावलीत राहतो. दुपारनंतर तोच कातळ समोरून तापतो आणि वळणावळणावर भट्टीसारखी झळ मारतो. लॉजवर निवांत चहा-पोहे करून नऊ वाजता निघणारा ही फुकटची सावली गमावतो. उजाडता उजाडता पायथ्याला असा. त्यासाठी मुक्काम पायथ्याच्या गावातच करा, ३० किलोमीटर अलीकडे नको.

पाण्याचा हिशोबही इथेच येतो. कोकणातली हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे आपण किती घाम गाळला हे कळत नाही. चढावर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर पायात गोळे येतात, मळमळतं, डोकं जड होतं. लिटरभर पाण्याला पाव चमचा मीठ घाला, चवीला साखर किंवा लिंबू. कोकणात असाल तर कोकमाचं आगळ विकत घ्या. त्यात मीठ आधीच असतं, म्हणून वरून मीठ घालायचं नाही. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन घास. चढाच्या आधी वडापाव खाऊ नका, तळलेलं पोटात तसंच बसून राहतं. माथ्यावर पोचल्यावर भजी खा, तेव्हा ती गोडही लागतात.

चढताना एकदम थंडी वाजल्यासारखं झालं, घाम थांबला किंवा नजर फिरली, तर तो उन्हाचा तडाखा समजा. सावलीत बसा, डोकं आणि मान भिजवा, आणि येणाऱ्या गाडीला हात करा. अशा वेळी एकट्याने "बघू पुढच्या वळणापर्यंत" म्हणणं धोक्याचं आहे.

सायकल आणली आणि तशीच हाणली

ही माझी चूक. वरंध घाट चढायचा म्हणून एका खासगी बसच्या डिकीत सायकल टाकून रात्री महाडला उतरले. सायकल उजव्या अंगावर आडवी ठेवली होती आणि तिच्यावर पोती. सकाळी वरंध गावापर्यंत सगळं छान चाललं. माझेरी मागे टाकल्यावर पहिलं तीव्र वळण आलं, मी सगळ्यात हलका गिअर टाकला, आणि मागून कटकट असा आवाज येऊन चाक जागच्या जागी अडकलं. पोत्यांच्या वजनाने डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला सायकलच्या सांगाड्याशी जोडणारा छोटा तुकडा, आत वाकला होता. सपाटीवर मधले गिअर वापरले म्हणून कळलं नाही. हलक्या गिअरला डिरेलर आत सरकतो, तो थेट आऱ्यांत घुसला. एक आरा तुटला आणि हँगरचे दोन तुकडे झाले.

माझ्याकडे चेन तोडायचं हत्यार होतं. डिरेलर बाजूला काढला, चेन आखूड करून एकाच गिअरवर जोडली, आणि वाघजाईच्या देवळापर्यंत सायकल ढकलत नेली. तिथे भजीची दुकानं आहेत. एका दुकानातल्या मावशींनी माझे काळे हात बघून आधी पाणी पुढे केलं. "एकटीच गं बाय? आधी बस. मग सांग काय झालं ते." त्यांनीच भोरकडे जाणारा टेम्पो थांबवून दिला.

आता बसमधून, रेल्वेतून सायकल उतरवली की मी मागे उकिडवी बसते आणि डिरेलरची दोन छोटी चाकं कॅसेटच्या दातांशी सरळ रेषेत आहेत का ते बघते. मग मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गिअर टाकून बघते. पाच मिनिटांचं काम आहे. सायकल आडवी ठेवावीच लागली तर डाव्या अंगावर ठेवा. आणि सुटा हँगर जवळ बाळगा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे पायथ्याच्या गावात मिळेल ही आशा धरू नका.

पंक्चरचं सामान सगळेच नेतात. फक्त नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काच किंवा तारेचा तुकडा तिथेच रुतलेला असला तर दुसरी ट्यूबही दोन वळणांत बसते.

वळणावर गिअर बदलणं, चढावर पुन्हा सुटता न येणं

डावीकडे वळणारं नागमोडी वळण आपल्यासाठी आतल्या बाजूचं असतं आणि आतली बाजू सगळ्यात उभी. वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधीच गिअर हलका करा, पाय क्षणभर सैल सोडून. पूर्ण जोर लावून गिअर टाकला की चेन उतरते. समोरून काही येत नाही हे नीट दिसत असेल तर आतल्या कडेपासून थोडं बाहेरून वळा. दिसत नसेल तर डावीकडेच राहा आणि गरज पडली तर उतरून चाला. उजवीकडच्या वळणावर आपण बाहेरच्या बाजूला असतो, तिथे चढ कमी. तेवढ्यात श्वास सावरून घ्यायचा. एसटीला वळताना अख्खा रस्ता लागतो, तिचा हॉर्न ऐकू आला की थांबून जागा द्या.

उभ्या चढावर थांबलात आणि पुन्हा निघता येत नसेल, तर सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरा. दोन्ही ब्रेक आवळा, एक पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणा, त्यावर उभं राहत ब्रेक सोडा. त्याआधी मागून गाडी नाही ना, हे बघा. तरीही जमलं नाही तर पुढे सपाट जागा दिसेपर्यंत ढकलत न्या. ढकलण्याचा आणि हलक्या गिअरने चढण्याचा वेग यांत फारसा फरक नसतो.

घरी न सांगणं, परतायची वेळ न ठरवणं

घाटात मोबाइलला रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. पायथ्याहून घरी फोन करा आणि "अमुक वाजेपर्यंत माथ्यावरून फोन आला नाही तर काळजी कर" अशी नेमकी वेळ द्या. निघण्याआधीच ठरवा: अकरापर्यंत अमक्या ठिकाणी पोचलो नाही तर मागे फिरायचं. ही वेळ चढावर असताना बदलायची नाही, दमलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय चुकतो.

आणि भर पावसाळ्यात एकट्याने घाट नकोच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. वरंध घाटही पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. फलक लावलेला असेल तर "सायकल तर जाईल" म्हणून कडेने घुसू नका. वरून दगड आला तर बघायलाही कुणी नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, शनिवार-रविवार सोडून.

उतारावर ब्रेक धरून ठेवणं

महाबळेश्वरला पोचलात, पाचगणीला चहा घेतला, आता समोर पसरणी घाटाचा उतार आणि खाली वाई. आधी जॅकेट घाला, घामेजलेल्या अंगाला वारा लागून हात आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. मग ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत. सरळ रस्त्यावर वेग थोडा वाढू द्यायचा, वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम दाबून तो उतरवायचा, पुन्हा सोडायचे. चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारे रिम ब्रेक सतत घासत राहिले तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, तीही नेमकी वळणावर. दोन-तीन किलोमीटरनंतर रुंद जागा बघून थांबा आणि हाताची मागची बाजू रिमजवळ न्या, लावू नका. धग जाणवली तर सायकल कठड्याला टेकवून ठेवा आणि रिम निवेपर्यंत खालचं धोम धरणाचं पाणी बघत बसा.