धोकादायक जादू असलेल्या पात्राला कोंडावे की मोकळे ठेवावे: कथालेखकांसाठी कार्यपद्धती

मुंबईत घडणारी अद्भुत कथा लिहायला घेतली की एक प्रश्न लवकरच समोर येतो: ज्याच्या हातून नकळत अनर्थ घडू शकतो, अशा माणसाला समाजाने कोंडून ठेवावे की मोकळे राहू द्यावे? माझे मत आरंभीच सांगतो. केवळ जन्माने मिळालेल्या शक्तीसाठी कोणालाही कोंडू नये. आणि ज्याला काही काळ रोखणे भागच आहे, त्याच्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या हाती असू नये. तुमच्या कथेने वेगळा निर्णय घेतला तरी हरकत नाही, पण तो खाली दिलेल्या कसोट्यांतून गेलेला असावा.

प्रथम शक्तीचे वर्णन कागदावर नेमके उतरवावे. समजा, लालबागच्या चाळीत राहणारी सतरा वर्षांची मुलगी आहे आणि ती घाबरली की तिच्या हातातली वस्तू पेट घेते. तिच्यापुढे ‘धोकादायक’ एवढाच शब्द लिहून थांबू नये. आग किती वेळात लागते, आधी तिला काही जाणवते का, भीती ओसरली की आग विझते का, झोपेत असे घडते का, हे सर्व लिहावे. मग लक्षात येते की गच्चीवर एकटी बसलेली ही मुलगी कोणालाच धोका नाही, आणि हीच मुलगी संध्याकाळी दादरला विरार लोकलच्या डब्यात चेंगरली गेली तर साऱ्या डब्याला धोका आहे. म्हणजे धोक्याचा मोठा भाग जागेत, गर्दीत आणि वेळेत आहे. एवढे उमगले की कुलूप आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधल्या अनेक पायऱ्या दिसू लागतात: गर्दीच्या वेळचा प्रवास टाळणे, सोबतीला ओळखीचे माणूस असणे, मजल्यावर पाण्याची पिंपे भरून ठेवणे, शेजाऱ्यांना काय करायचे ते शिकवून ठेवणे. या पायऱ्या वापरून पाहिल्याशिवाय कोणत्याही पात्राला तुरुंगापर्यंत नेऊ नये.

शेजाऱ्यांची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावी. लाकडी जिना, सामाईक गॅलरी आणि प्रत्येक खोलीत गॅसचा सिलिंडर असलेल्या चाळीत आगीची भीती बाळगणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला खलनायक केले की प्रश्नच संपतो.

यानंतर कोंडण्याचा परिणाम तपासावा, आणि त्यासाठी या शहराचा इतिहास हाताशी आहे. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. रोग खरा होता, प्राणघातक होता; अधिकाऱ्यांची भीती काल्पनिक नव्हती. पण संशयितांना घरातून उचलून रुग्णालयात नेण्याची सक्ती सुरू होताच लोक आजारी माणसे लपवू लागले, हजारो जण शहर सोडून गेले, आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तुमच्या कथेतही हेच होईल. शक्ती दिसताच मुलांना उचलून नेणारा कायदा असेल, तर आई-वडील ती शक्ती लपवतील, मुलीला ती आवरण्याचे शिक्षण कोणी देणार नाही, आणि पहिली मोठी आग त्या लपवण्यातूनच लागेल. कथानकाची खरी गाठ येथे आहे. तिला भरपूर पाने द्यावीत.

मग कोणाला कोंडले जाते, हे पाहावे. आपल्या पुराणकथांत दुर्वास ऋषी शाप देत सर्वत्र फिरतात आणि राजे त्यांचे पाय धुतात. त्यांना कोंडण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. उलट सातपुड्याच्या परिसरात आजही कोणतीही शक्ती नसलेल्या बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण केली जाते, गावाबाहेर काढले जाते. एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे जाहीर करून तिचे जगणे असह्य करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरवला आहे. तेव्हा कथेत मलबार हिलवरच्या बंगल्यातही तशीच शक्ती असलेले एक पात्र ठेवावे आणि पोलीस आधी कोणाच्या दारात जातात ते दाखवावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या; सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले, आणि तो कायदा रद्द होईपर्यंत तेथे जन्मलेल्या बालकांवरही तोच शिक्का होता. जन्मावरून कोंडण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

तरीही पात्राला रोखणे अटळ ठरले, तर नियम स्पष्ट लिहावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा येथे उपयोग होतो. त्यात व्यक्तीच्या संमतीविना दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, पहिली मुदत तीस दिवसांपर्यंतच असते, आणि निर्णयाविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. जादूची शक्ती हा आजार नव्हे, हे खरे. पण तपासणी, मुदत आणि दाद हे तीन आधार तसेच घेता येतात. मंडळावर अशी शक्ती असलेली एक व्यक्ती अवश्य बसवावी.

शेवटी सुटकेचे प्रकरण लिहावे, आणि ते पहिल्या खर्ड्यातच लिहावे. मुलगी तीस दिवसांनी लालबागला परतते, तेव्हा खोलीचे दार कोण उघडते, तिच्या हातात चहाचा कप कोण देते, आणि तो देताना त्या माणसाचा हात थरथरतो का, हे लेखकाला ठाऊक असायला हवे.