बोनेअर: क्लाइन बोनेअरची बोटफेरी ठरवताना

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाच्या पश्चिमेला, त्याची राजधानी क्रालेंडाइकपासून जेमतेम 800 मीटरवर क्लाइन बोनेअर हे निर्जन बेट आहे. वारा बहुतेक पूर्वेकडून वाहत असल्याने पश्चिमेचं पाणी शांत राहतं. तरी सकाळची पहिली फेरी घ्या. तेव्हा प्रवाळांवर गर्दी कमी असते.

निघण्याआधी सागरी उद्यानाचं शुल्क ऑनलाइन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा. 1979 पासून हे पाणी संरक्षित आहे, त्यामुळे नियम खरोखर पाळले जातात. स्कूबा डायव्हरनी (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणाऱ्यांनी) पहिल्या दिवशी माहितीसत्र आणि सरावाची डाइव्ह करायचीच असते. हातमोजे चालत नाहीत.

स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहायला, वॉटर टॅक्सी पुरेशी. नावाड्याला प्रवाहाची दिशा विचारा आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरवायला सांगा, म्हणजे वाहत वाहत बेटावरच्या नो नेम बीचला पोहोचता येतं. उलट पोहणारे दहा मिनिटांत दमतात, आणि दमलेला माणूस नकळत प्रवाळावर पाय टेकतो. तेवढ्याने दशकांची वाढ मोडते.

बेटावर दुकान नाही, गोडं पाणी नाही, सावलीही नावापुरतीच. माणशी दोन लिटर पाणी न्या. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट) घाला. पाठ आणि पोटऱ्या सर्वांत आधी भाजतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.

अनेक डाइव्ह केल्या असतील तर शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान 18 तास ठेवा.