ओल्या जमिनीवरचा खडीचा रस्ता दर पावसाळ्यात खचतो? या चुका टाळा

डांबरी रस्ता सोडून घराकडे वळणारा शे-दीडशे फुटांचा खडीचा रस्ता कोकणात मे महिन्यात नवाकोरा होतो आणि गणपतीला पाहुण्यांच्या गाड्या त्यातच रुततात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दोन डंपर खडी येते. जुन्या खाचरातून (भातशेतातून) किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने काढलेल्या रस्त्यांची तर ही ठरलेली गत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेवढ्या पाण्याला जायला वाट ठेवली नसेल, तर वर कितीही खडी ओता, खालची माती ती गिळत राहते.

चिखलावरच खडी ओतणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओल्या मातीवर खडी टाकली की गाडीच्या वजनाने खडी खाली दबते आणि तिच्या फटींतून चिखल वर येतो. दोन्ही एकजीव झाले की ती खडी राहत नाही, खडी मिसळलेला चिखल होतो, आणि त्याची ताकद जवळजवळ चिखलाइतकीच असते.

आधी वरची काळी, मुळांची माती 6 ते 9 इंच काढून टाका. मग तळाची परीक्षा घ्या: 12 मिमीची सळई हाताने दाबून पाहा. चार-सहा इंचांवर अडली तर तळ ठीक आहे. फूटभर सहज घुसली तर नुसत्या खडीने भागणार नाही, तिथे खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड हवे. मऊ जागा आणखी खोदून पक्की जमीन शोधायचा मोह होतो. पण खाचराच्या जमिनीत खाली जाल तितका चिखल वाढतो, आणि जेसीबी तिथे फिरला की उरलासुरला घट्टपणाही जातो.

कापड म्हणून ताडपत्री किंवा शेततळ्याचा प्लास्टिक कागद चालत नाही. त्यातून पाणी आरपार जात नाही. वर डबके साचते आणि खडी त्यावरून घसरते. पाणी जाऊ देणारे आणि माती अडवणारे, निदान 200 जीएसएमचे (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचे) कापड घ्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना ते दीड फूट जास्त ठेवा. दोन तुकड्यांचा जोड साध्या जमिनीवर दीड फूट, अगदी मऊ जागी 3 फूट एकमेकांवर घ्या. उघड्या कापडावर डंपर किंवा जेसीबी कधीही चढवू नका. पसरलेल्या दगडावरून मागे येत पुढचा दगड ओतायचा, आणि चाकाखाली किमान 6 इंच थर असल्याशिवाय पुढे जायचे नाही.

रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असणे

दरवर्षी लेव्हल करताना जेसीबीवाला थोडी थोडी माती कडेला ढकलतो. चार वर्षांत रस्त्याची पाणंद होते आणि पावसात पाणंदीचा व्हाळ. मग वाडीतले सगळे पाणी तिथूनच वाहते.

पुनर्बांधणी म्हणजे रस्ता खोदणे नव्हे, उचलणे. तयार पृष्ठभाग बाजूच्या जमिनीपेक्षा निदान 6 इंच, खाचरात असेल तर फूटभर वर हवा. रस्त्याची पाठ मध्यभागी उंच हवी: 10 फूट रुंद रस्त्याला मध्य आणि कडा यांत अडीच ते 3 इंचांचा फरक. सिमेंटच्या रस्त्याला याच्या निम्म्याने भागते. खडीवर पाणी हळू सरकते म्हणून उतार जास्त लागतो. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, दोरी आणि पाणलेव्हल लावा. डोंगरउतारावर आडवा जाणारा रस्ता असेल तर दोन्हीकडे पाठ काढण्याऐवजी सगळा उतार खालच्या बाजूला द्या.

गटार उथळ, मोरी लहान

वीतभर खोल चर हे गटार नव्हे. गटाराचा तळ रस्त्याच्या सर्वांत खालच्या थरापेक्षाही निदान फूटभर खाली हवा, नाहीतर सोलिंगमध्ये (तळाच्या मोठ्या दगडांच्या थरात) पाणी साचून राहते आणि वरून कोरडा दिसणारा रस्ता गाडी गेली की गादीसारखा हलतो. डोंगराच्या बाजूचे गटार जास्त महत्त्वाचे, कारण पाणी तिकडूनच येते. उतार 100 फुटांना निदान 1 फूट ठेवा. गटाराचे तोंड कुठे सुटते ते आधी ठरवा: शेजाऱ्याच्या पडवीत सोडलेले पाणी भांडण होऊन परत येते.

मोरीसाठी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेण्यासाठी, 6 इंची पीव्हीसी पाइप टाकणे ही आणखी एक काटकसर. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत आंब्या-फणसाचा पातेरा (गळलेली पाने) वाहून येतो आणि तो पाइप तासाभरात तुंबतो. मग पाणी रस्त्यावरून जाते आणि भराव कापून नेते. किमान 300 मिमी, पातेरा जास्त असेल तर 450 मिमीचा ह्यूम (सिमेंट काँक्रीटचा) पाइप घ्या. वरून गाडी जाणार असल्याने एनपी3 दर्जाचा मागा. एनपी2 हलका असतो. पाइपवर फूटभर भराव हवा. दोन्ही तोंडांना चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत बांधा आणि पाणी जिथे पडते तिथे दगडांचे पिचिंग करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पाइपाखालची माती जाऊन तो लोंबकळायला लागतो.

डांबरी रस्त्याला जोडणाऱ्या तोंडाशी सरकारी गटार असेल तर ते बुजवू नका. तिथेही मोरीच लागते, आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगीही.

चुकीची खडी

नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण एकमेकांत अडकत नाहीत; चाकाखाली खेळायच्या गोट्यांसारखे घरंगळतात. फक्त 20 मिमीची स्वच्छ खडी टाकली तरी तेच. फटी भरायला बारीक माल नसल्याने ती कधीच बसत नाही. उलट नुसता लाल मुरूम पसरला तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसात राबडी. चिऱ्याच्या खाणीतले तुकडे स्वस्त मिळतात म्हणून सोलिंगला वापरतात. कोरड्या जागी चालून जाते, पण कायम ओल असेल तिथे मऊ चिऱ्याचा भुगा होतो. तिथे काळ्या दगडाचा डबरच (मोठे ओबडधोबड दगड) हवा.

100 फूट लांब आणि 10 फूट रुंद रस्त्याचा हिशेब असा. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. तळाला 9 इंच डबराचे सोलिंग: साडेसात ब्रास. त्यावर 40 ते 63 मिमी खडीचा दाबून 4 इंच थर: सुटा माल सुमारे साडेचार ब्रास, कारण दाबल्यावर तो चौथाई बसतो. सर्वांत वर दाबून 3 इंच: 20 मिमी, 10 मिमी आणि क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) साधारण 4:3:3 प्रमाणात, सव्वातीन ब्रास. नुसती कच पावसात धुऊन जाते म्हणून त्यात दहावा भाग चांगला मुरूम मिसळा. चांगला कोणता? ओला करून तळहातावर वळा. आगपेटीच्या काडीएवढी बारीक वळी न तुटता झाली तर त्यात चिकणमाती जास्त आहे. मुठीत गोळाच बांधला गेला नाही तर तो माल धरून ठेवणार नाही. यांच्या मधला घ्या.

डंपर आला की हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजा. 12 × 7 × 3 फूट म्हणजे अडीच ब्रास. तोंडी सांगितलेला आकडा बऱ्याचदा याहून मोठा असतो.

एकदम ओतून एकदाच दाबणे

वरचा सगळा माल एकदम पसरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच दबतात, खालचे सुटेच राहतात. लहान रोलर असेल तर प्रत्येक थर 3-4 इंचांचाच घ्या. हलके पाणी मारून कडेकडून मध्याकडे या. आधी मध्य दाबला तर माल कडांकडे पसरतो आणि काढलेली पाठ बसते. तळ मऊ असेल तर पहिल्या थरावर व्हायब्रेशन बंद ठेवा. हादऱ्यांनी खालचे पाणी वर खेचले जाते आणि होता तोही घट्टपणा जातो. जेसीबीच्या चार फेऱ्या म्हणजे दाबणे नव्हे.

घराचे बांधकाम बाकी असेल तर सोलिंग आणि मोठ्या खडीवर थांबा. वाळू-सिमेंटच्या गाड्या नवा वरचा थर महिन्याभरात उखडतात.

बिघाड कुठे आहे, ते कसे ओळखावे

दिवाळी उलटली तरी एकच पट्टा ओला आणि आजूबाजूला सगळे कोरडे असेल, तर तो पावसाच्या पाण्याचा दोष नाही. जमीन उपळट आहे, खालून झरा आहे. तिथे खडी वाया घालवू नका. रस्त्याच्या वरच्या अंगाला 2 फूट खोल, 1 फूट रुंद चर खणा, आतून जिओटेक्स्टाइल लावा, तळाला 4 इंची भोकांचा पाइप भोके खाली करून ठेवा, चर 40 मिमी खडीने भरा आणि कापड वरून दुमडा. पाइपाचे तोंड उघड्या गटारात सोडा.

चाकांचे दोन खोल पट्टे आणि मधे गवताची वरंबी दिसत असेल तर पाठ गेली आहे. वरून खडी टाकून हे सुटत नाही. वरचे 3 इंच दाताळ्याने मोकळे करा, कडेला गेलेला माल मध्यावर ओढा, पाणी मारून पुन्हा दाबा.

खड्ड्यात सुटी खडी टाकली की ती आठवड्याभरात चाकांनी उडते. खड्ड्याच्या तळापर्यंत कडा उभ्या कापा, चिखल काढा, वरच्या थराचाच मिश्र माल भरा, आणि धुमस मारून तो अर्धा इंच वर राहील असा ठेवा.

चढावर उताराच्या दिशेने घळी पडत असतील तर 40-50 फुटांवर तिरकी दगडी पन्हळ बसवा. 8 फुटांना 1 फुटापेक्षा जास्त चढ असेल तर खडीचा हट्ट सोडा आणि चाकांखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या करा, 2 फूट रुंद आणि 6 इंच जाड.

वेळ चुकवणे

नवे काम फेब्रुवारी ते एप्रिल. मेअखेरीस घाईने केलेला थर बसायच्या आत पाऊस येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात गटारे आणि मोरीची तोंडे साफ करा, आणि कडेला साचलेला मातीचा उंचवटा दर 30 फुटांवर फोडून पाणी बाहेर काढा. हा उंचवटा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो; त्यामुळेच चांगली पाठ असूनही पाणी रस्त्यावरच अडते. भर पावसात रस्ता खरवडू नका. गाडी रुतत असेल तेवढ्याच जागी डबर टाका आणि बाकीचे काम ऑक्टोबरात करा, जमिनीत थोडी ओल असते तेव्हा. त्या दिवसांत माल कमी पाण्यात दबतो, आणि पावसाने रस्ता कुठे कापला तेही तेव्हाच नीट दिसते.